करारांच्या इंग्रजीतील ‘शॅल’ : रशियन भाषकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘शॅल’ हे सहायक क्रियापद रोजच्या बोलण्यातील इंग्रजीतून जवळजवळ हद्दपार झाले आहे. मात्र दोन राष्ट्रांमधला तह उघडला की ते कलमाकलमांत भेटते. रशियन मातृभाषा असलेल्या अनुवादकाला, वकिलातीतील कनिष्ठ अधिकाऱ्याला किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्याला ते वाचताना फारसे अडखळायला होत नाही. अडचण येते ती लिहिताना, कारण रशियन भाषा जिथे साध्या वर्तमानकाळावर भागवते तिथे इंग्रजीला हे सहायक क्रियापद लागते. पुढील प्रश्न अशा मंडळींकडून, तसेच पुण्या-मुंबईत रशियन शिकून या दोन भाषांच्या मध्ये काम करणाऱ्या मराठी भाषकांकडूनही, पुन्हा पुन्हा येतात.

तहातील ‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळ काय?

नाही. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘देणे लागणे’, ‘बांधील असणे’ असा होता, तर ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छिणे’ असा होता. दोघांचाही वापर पुढे भविष्यकाळासाठी होऊ लागला. सतराव्या शतकात इंग्रज व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये नियम मांडला, तो असा की प्रथमपुरुषी ‘शॅल’ केवळ भविष्य सांगते, पण द्वितीय आणि तृतीय पुरुषात तेच क्रियापद आले तर बोलणारा समोरच्यावर काही लादत असतो किंवा त्याला वचन देत असतो. सोव्हिएत काळातील शाळांत इंग्रजी शिकलेल्या पिढीने या नियमाचा पहिला अर्धा भाग घोकला आणि दुसरा बहुधा विसरून टाकला, त्यामुळे ‘शॅल’ म्हणजे ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यासोबत येणारा भविष्यकाळ, एवढीच तिची समजूत राहिली. तहात कर्ता नेहमी तृतीयपुरुषी असतो : पक्षकार, सदस्य राष्ट्र, यजमान राष्ट्र, दूतावासाचा प्रमुख. म्हणून तिथले ‘शॅल’ बंधन सांगते. ते उद्या काय घडेल याचे भाकीत नसते.

रशियन तहांमध्ये ‘शॅल’च्या जागी कोणते रूप येते?

बहुतेक वेळा अपूर्ण क्रियाव्याप्तीच्या, म्हणजे क्रिया चालू किंवा पुन्हा पुन्हा होणारी दाखवणाऱ्या, क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील दुसऱ्या अनुच्छेदाचा चौथा परिच्छेद हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. इंग्रजी पाठात सदस्य राष्ट्रांनी बळाचा धाक किंवा वापर यांपासून दूर राहण्याचे बंधन ‘शॅल’ने घातले आहे, रशियन पाठात मात्र ‘वझ्देर्झिवायुत्सा’, म्हणजे शब्दशः ‘दूर राहतात’, एवढेच आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातील बावीसावे कलम दूतावासाची जागा अनुल्लंघनीय ठरवते. तिथे इंग्रजीत ‘शॅल’ आणि ‘असणे’ ही दोन्ही क्रियापदे आहेत, तर रशियन वाक्यात क्रियापदच नाही, केवळ नाम आणि विशेषण आहे. अमेरिका आणि रशिया यांनी ८ एप्रिल २०१० रोजी प्राग येथे सही केलेल्या नव्या ‘स्टार्ट’ कराराच्या पहिल्या कलमात प्रत्येक पक्ष आपली सामरिक आक्रमक शस्त्रे कमी करील आणि मर्यादित ठेवील, असे बंधन होते. इंग्रजी प्रतीत ते ‘शॅल’ने येते आणि रशियन प्रतीत ‘सक्राश्चायेत’, म्हणजे ‘कमी करतो’, या वर्तमानकाळी रूपाने.

या वर्तमानकाळाला विहित वर्तमान म्हणता येईल. कायद्याने जग जसे असावे असे ठरवले आहे तसे ते आहे, असे गृहीत धरूनच वाक्य रचलेले असते. रशियन वाचकाला त्यातील सक्ती ऐकू येते, कारण कायद्याची पाने अशाच भाषेत वाचण्याची त्याला सवय असते. तेच वाक्य इंग्रजीत शब्दाला शब्द लावून साध्या वर्तमानात उतरवले तर इंग्रजी वाचक त्याला वर्णन समजतो : पक्षकार सहकार्य करतात, चांगली गोष्ट आहे, पण उद्या त्यांनी ते थांबवले तर करार मोडला काय, याचे उत्तर त्या वाक्यातून मिळत नाही. रशियन भाषकांच्या इंग्रजी मसुद्यांत आढळणाऱ्या चुकांपैकी सर्वांत महागात पडू शकणारी ही चूक आहे, आणि व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असल्यामुळे ती तपासनिसाच्या नजरेतून सहज निसटते.

‘दोल्झेन’ (‘बांधील’, ‘केलेच पाहिजे’) हा रशियन शब्द आला की ‘शॅल’च लिहावे काय?

तहाच्या मजकुरात बहुधा होय. सनदेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदात वाद असलेल्या पक्षांनी प्रथम शांततेच्या मार्गाने तोडगा शोधावा असे बंधन आहे. इंग्रजीतील ‘शॅल’साठी तिथे रशियन पाठात ‘दल्झ्नी’ हे अनेकवचनी रूप वापरले आहे. म्हणजे एकाच सनदेत एकाच इंग्रजी क्रियापदासाठी कुठे वर्तमानकाळ आहे, कुठे ‘दल्झ्नी’. त्यावरून दोन ठिकाणी बंधनाची तीव्रता वेगळी आहे असा निष्कर्ष काढू नये. रशियन वाक्य कसे सहज बसते एवढाच त्यामागील विचार असतो.

उलट दिशेने मात्र ‘दोल्झेन’ला ‘मस्ट’ लिहिण्याचा मोह टाळावा. ‘मस्ट’ तहांत अगदीच येत नाही असे नाही. तहांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे सव्विसावे कलम, प्रत्येक अमलातील तह पक्षकारांवर बंधनकारक असून तो त्यांनी सद्भावनेने पाळला पाहिजे असे सांगणारे, ‘मस्ट’च वापरते आणि त्याच्या रशियन पाठात ‘दोल्झेन’ आहे. परंतु ते संपूर्ण कराराचे अधिष्ठान सांगणारे तत्त्ववाक्य आहे. नेहमीच्या कलमांत चार ठिकाणी ‘शॅल’ आणि पाचव्या ठिकाणी ‘मस्ट’ आले, तर समोरचा वकील त्या फरकामागे काहीतरी हेतू असलाच पाहिजे असे धरून चालतो आणि नसलेला हेतू शोधूनही काढतो. एक दस्तऐवज, एक बंधनवाचक क्रियापद, हा संकेत पाळणे श्रेयस्कर.

‘शॅल’ आणि ‘शुड’ यांतील फरक खरोखर इतका मोठा आहे काय?

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये जवळजवळ दोनशे पक्षकारांची हवामान परिषद याच फरकापायी खोळंबली होती. त्या दिवशी दुपारी वाटण्यात आलेल्या अंतिम मसुद्यात चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदातील पहिल्या वाक्यात विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होणारी उत्सर्जन-कपातीची उद्दिष्टे स्वीकारून पुढाकार घेत राहण्याबाबत ‘शॅल’ छापले गेले होते. विकसनशील देशांविषयीच्या पुढच्या वाक्यात मात्र ‘शुड’ होते. अमेरिकेच्या शिष्टमंडळाच्या दृष्टीने हा घातक बदल होता, कारण नवे कायदेशीर बंधन आले की करार सिनेटपुढे नेण्याचा प्रश्न उभा राहणार होता आणि सिनेटमध्ये त्याला मंजुरी मिळण्याची आशा नव्हती. बरीच कुजबुज आणि धावपळ झाल्यानंतर सचिवालयाने काही किरकोळ दुरुस्त्या वाचून दाखवल्या. त्यांत स्वल्पविराम आणि संदर्भक्रमांक यांच्या सोबतीने ‘शॅल’चे ‘शुड’ झाले आणि परिषदेचे अध्यक्ष लॉराँ फाबियूस यांनी हातोडी आपटली.

रशियन भाषकाने हा परिच्छेद आपल्या पाठाशी ताडून पाहावा. पॅरिस कराराचा रशियन पाठ इंग्रजीइतकाच अधिकृत आहे. चौथ्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात प्रत्येक पक्षकार आपले राष्ट्रीय योगदान तयार करील, कळवील आणि चालू ठेवील असे जे खरे बंधन आहे, ते इंग्रजीत ‘शॅल’ने आणि रशियनमध्ये विहित वर्तमानाने व्यक्त झाले आहे, चौथ्या परिच्छेदातील ‘शुड’साठी रशियन पाठात ‘स्लेदुयेत’, म्हणजे ‘करणे उचित आहे’, हा शब्द आहे. म्हणजे इंग्रजीत फरक एका सहायक क्रियापदाचा, तर रशियनमध्ये संपूर्ण वाक्यरचनेचा : ‘स्लेदुयेत’ आले की कर्ता चतुर्थीत जातो आणि क्रियापद मूळ धातुरूपात राहते. पॅरिसमध्ये वेळेवर जी दुरुस्ती इंग्रजीत एक शब्द खोडून करता आली, तिच्यासाठी रशियन वाक्य पुन्हा बांधावे लागते. मराठीत हीच गोष्ट ‘करील’ आणि ‘करावे’ यांतून दिसते.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. त्याच करारात नवव्या कलमाच्या पहिल्या परिच्छेदात विकसित देश विकसनशील देशांना वित्तसाहाय्य पुरवतील असे म्हणताना ‘शॅल’ कायम आहे, आणि त्यावर अमेरिकेने हरकत घेतली नाही, कारण तेच कलम पुढे ही गोष्ट १९९२ च्या मूळ हवामान करारातील विद्यमान बंधनांच्या अनुषंगाने असल्याचे सांगते. तेव्हा ‘शॅल’ दिसले की घाबरणे आणि ‘शुड’ दिसले की सुटकेचा श्वास सोडणे, दोन्ही अर्धवट वाचनाची लक्षणे आहेत.

‘ऑट टू’ कुठे बसते? ते सक्तीचे आहे की सल्ल्याचे?

या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाला निकाल द्यावा लागला आहे. न्यायालयाच्या संविधीतील एकेचाळिसाव्या अनुच्छेदानुसार न्यायालय पक्षांच्या हक्कांच्या रक्षणासाठी तात्पुरते उपाय सुचवू शकते. इंग्रजी पाठात हे उपाय योजले जाणे इष्ट असल्यासारखे ‘ऑट टू’ आहे, फ्रेंच पाठात ‘द्वाव’ म्हणजे ‘केलेच पाहिजेत’ असा सूर आहे, आणि रशियन पाठात ‘दल्झ्नी बीत प्रिन्याती’, म्हणजे ‘योजले गेले पाहिजेत’, असल्यामुळे तोही फ्रेंचच्या बाजूने झुकतो. रशियन पाठ वाचून वाढलेल्या विद्यार्थ्याला यात वादाचा विषय काय, असे वाटणे स्वाभाविक आहे.

वाद झाला तो जर्मनी विरुद्ध अमेरिका या लाग्रांड प्रकरणात. ३ मार्च १९९९ रोजी न्यायालयाने आदेश दिला की जर्मन नागरिक वॉल्टर लाग्रांड यांना अंतिम निकालापूर्वी मृत्युदंड दिला जाऊ नये यासाठी अमेरिकेने आपल्या हातातील सर्व उपाय योजावेत. आदेशातील क्रियापद होते ‘शुड’. अमेरिकेच्या सॉलिसिटर जनरलने तेथील सर्वोच्च न्यायालयाला असा आदेश बंधनकारक नसल्याचे कळवले आणि त्याच दिवशी ॲरिझोनात मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. न्यायालयाने २७ जून २००१ रोजी निकाल दिला तेव्हा दोन पाठांतील तफावत सोडवण्यासाठी तहांच्या कायद्यातील नियम लावला : पाठ परस्परांशी जुळत नसतील तर तहाचा हेतू आणि उद्देश लक्षात घेऊन त्यांचा उत्तम मेळ घालणारा अर्थ स्वीकारावा. न्यायालयाचा हेतू वाद सोडवणे हा आहे आणि वादाचा विषयच निकालाआधी नष्ट होऊ दिला तर तो हेतू उरत नाही, म्हणून तात्पुरते उपाय बंधनकारक ठरले.

त्यानंतरच्या आदेशांचे इंग्रजी पाहिले तर ‘शुड’ जाऊन ‘शॅल’ आल्याचे दिसते. मराठी वाचकाला यातले सर्वांत ओळखीचे उदाहरण कुलभूषण जाधव यांचे. भारत विरुद्ध पाकिस्तान या प्रकरणात १८ मे २०१७ रोजी न्यायालयाने एकमताने दिलेल्या आदेशात अंतिम निकाल लागेपर्यंत जाधव यांना फाशी दिली जाणार नाही यासाठी पाकिस्तान सर्व उपाय योजील आणि त्यांची माहिती न्यायालयाला देईल, असे म्हटले असून दोन्ही ठिकाणी ‘शॅल’ आहे. १९९९ चे आणि २०१७ चे वाक्य बाकी जवळजवळ सारखेच आहे. १६ मार्च २०२२ रोजी युक्रेन विरुद्ध रशिया या प्रकरणात दिलेल्या आदेशातही रशियाने २४ फेब्रुवारीला सुरू केलेली लष्करी कारवाई ताबडतोब स्थगित करण्यासंबंधी ‘शॅल’च वापरले आहे. आदेश पाळला गेला नाही. पण तो सल्ला होता असा युक्तिवाद आता क्रियापदाच्या आधारे करता येत नाही.

‘विल’ लिहिले तर काय बिघडते?

काही वेळा काहीच बिघडत नाही, आणि काही वेळा तेच हवे असते. ज्या दस्तऐवजाला कायदेशीर बंधन नको आहे, केवळ राजकीय वचन पुरेसे आहे, त्यात ‘शॅल’ टाळून ‘विल’ वापरणे हा रूढ संकेत आहे. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची मार्गदर्शिका सामंजस्य करारांसाठी हेच सांगते : ‘शॅल’ऐवजी ‘विल’, पक्षकारांऐवजी सहभागी, आणि ‘अमलात येणे’ या तहाच्या शब्दप्रयोगाऐवजी ‘लागू होणे’ या अर्थाचा सौम्य प्रयोग. अमेरिकेचे परराष्ट्र खाते तर अशा कागदांत ‘शॅल’बरोबरच ‘सहमत होणे’ आणि ‘हमी घेणे’ या अर्थाची क्रियापदेही टाळायला सांगते.

रशियन भाषकासाठी याचे उत्तम पाठ्यउदाहरण म्हणजे १ ऑगस्ट १९७५ रोजी ३५ राष्ट्रांनी सही केलेला, युरोपातील सुरक्षा आणि सहकार्याविषयीचा, हेलसिंकीचा अंतिम दस्तऐवज. सार्वभौम समानता, बळाचा वापर न करणे, सीमांची अभेद्यता अशी दहा तत्त्वे त्यात आहेत आणि ती इंग्रजीत सर्वत्र ‘विल’ने मांडलेली आहेत. रशियन पाठात तिथे विहित वर्तमान नाही, तर ‘बूदुत उवाझात’, म्हणजे ‘आदर करतील’, अशी संयुक्त भविष्यकाळाची रूपे आहेत. सनदेतील वर्तमानकाळ आणि हेलसिंकीतील भविष्यकाळ एकापुढे एक ठेवून वाचले की रशियन भाषेतही तह आणि राजकीय जाहीरनामा यांच्यातली सीमा क्रियापदावर आखता येते हे कळते. हा दस्तऐवज तहांच्या नोंदणीविषयीच्या, सनदेच्या १०२ व्या अनुच्छेदाखाली नोंदणीस पात्र नाही, असे त्यातच स्पष्टपणे लिहून ठेवलेले आहे.

युक्रेनच्या सुरक्षेविषयी युक्रेन, रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी केलेल्या ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमच्या शेवटच्या परिच्छेदातही या बांधिलकींबाबत प्रश्न उभा राहिल्यास चारही राष्ट्रे विचारविनिमय करतील असे ‘विल’नेच म्हटले आहे आणि तो दस्तऐवज सहीबरोबर ‘लागू होईल’ असा शब्दप्रयोग आहे. इंग्रजी शीर्षकातील ‘आश्वासने’ या अर्थाचा शब्द रशियन पाठात ‘गरांतिइ’, म्हणजे ‘हमी’, असा उतरला आहे, हे लक्षात घेतले तर इंग्रजी आणि रशियन वाचकांच्या मनात या कागदाचे वजन वेगवेगळे का आहे, हे थोडेफार समजते.

तरीही ‘विल’ म्हणजे बंधन नाही, असे समीकरण मांडू नये. ४ एप्रिल १९४९ च्या उत्तर अटलांटिक तहाच्या, म्हणजे ‘नाटो’च्या मूळ कराराच्या, पाचव्या कलमात एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरील हल्ला ‘मानला जाईल’ तिथे ‘शॅल’ आहे, तर प्रत्येक सदस्य हल्ला झालेल्यास साहाय्य ‘करील’ तिथे ‘विल’. दोन्ही विधाने ‘पक्षकार सहमत आहेत’ या मुख्य क्रियापदाखाली येत असल्यामुळे दोन्ही बंधनकारक आहेत. त्या बंधनाला सैल करते ते वेगळेच वाक्यखंड : प्रत्येकाला आवश्यक वाटेल अशी कृती. खरी पळवाट सहायक क्रियापदात नव्हती, ती अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यखंडात ठेवलेली होती.

रशियन पूर्ण भविष्यकाळ आला तर?

तो बंधनकारक तहातही येतो, म्हणून त्याला आपोआप ‘विल’ लिहू नये. ९ ऑगस्ट १९७१ रोजी नवी दिल्लीत स्वर्णसिंग आणि आंद्रेई ग्रोमिको यांनी सही केलेला भारत-सोव्हिएत मैत्री करार हिंदी, रशियन आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत झाला. त्याच्या नवव्या कलमात दोघांपैकी एकावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका उत्पन्न झाला तर दोन्ही पक्ष ताबडतोब परस्पर विचारविनिमय सुरू करतील, असे आहे. इंग्रजीत ‘शॅल’ आहे. रशियनमध्ये ‘प्रिस्तूप्यात’, हे क्रिया एकदाच आणि पुरी होईल असे दाखवणारे भविष्यरूप आहे. कारण साधे आहे. विहित वर्तमान कायम चालू राहणाऱ्या कर्तव्याला शोभते, तर इथे कर्तव्य एका विशिष्ट प्रसंगी एकदाच पार पाडायचे आहे. त्याच कलमाच्या आधीच्या वाक्यात तिसऱ्या देशाला साहाय्य न करण्याचे सततचे बंधन ‘हमी घेतो’ या अर्थाच्या क्रियापदाने व्यक्त झाले आहे.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील ८ डिसेंबर १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारात तर पहिल्याच कलमातील रशियन क्रियापद ‘लिक्विदीरुयेत’ असे आहे की ज्याचे एकच रूप वर्तमान आणि पूर्ण भविष्य या दोन्हींचे काम करते. इंग्रजीत तिथे निःसंदिग्ध ‘शॅल’ आहे. अशा क्रियापदांपुढे व्याकरण हात टेकते. दस्तऐवज कोणत्या प्रकारचा आहे, हेच पाहावे लागते.

‘अब्याझुयेत्सा’ला (‘स्वतःला बांधून घेतो’, ‘हमी घेतो’) ‘शॅल’ लिहावे काय?

नको, त्याला इंग्रजीत ‘अंडरटेक’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या पहिल्या आणि सहाव्या कलमांत इंग्रजी व रशियन पाठ या बाबतीत एकमेकांना नेमके जुळतात.

नकार देताना कोणती काळजी घ्यावी?

‘शॅल नॉट’ निर्विवाद आहे. गोंधळ ‘मे नॉट’ने होतो, कारण बोलण्यात त्याचा अर्थ ‘कदाचित नसेल’ असा होतो आणि तहात ‘परवानगी नाही’ असा. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या बावीसाव्या कलमात यजमान राष्ट्राचे अधिकारी दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय आवारात शिरू शकत नाहीत, हे सांगताना ‘मे नॉट’ आहे आणि रशियन पाठात ‘न्ये मोगुत’. रशियन भाषकाला इथे एक सोय आहे : त्याच्या भाषेत ‘न्ये मोझेत’ म्हणजे मनाई आणि ‘मोझेत न्ये’ म्हणजे न करण्याची मुभा, असा नकारार्थी अव्ययाच्या जागेवरून फरक होतो. इंग्रजीत ही दुसरी गोष्ट सांगायची असेल तर ‘मे’ला हात लावू नये; ‘बांधील असणार नाही’ अशी वेगळी रचना करावी.

त्याच कराराच्या नवव्या कलमात यजमान राष्ट्र कोणत्याही वेळी, कारण न देता, एखाद्या राजनयिकाला अस्वीकार्य व्यक्ती जाहीर करू शकते, तिथे ‘मे’ आणि ‘मोझेत’ सरळ जुळतात.

कुठे ‘शॅल’ लिहूच नये?

व्याख्यांमध्ये. ‘तह’ या शब्दाचा अर्थ अमुक आहे, असे सांगताना कुणावरही कर्तव्य येत नाही, म्हणून १९६९ च्या करारातील दुसऱ्या कलमात साधा वर्तमानकाळ आहे. प्रास्ताविकातही ते नको, कारण प्रास्ताविक हेतू सांगते. मात्र तह अमलात येण्याच्या कलमात, जिथे कुणी काही करायचे नसते पण कायदेशीर परिणाम घडवायचा असतो, तिथे ‘शॅल’ रूढ आहे. १९६१ चा करार बाविसावे अनुसमर्थनपत्र जमा झाल्यानंतर तिसाव्या दिवशी अमलात येईल, हे वाक्य तसेच आहे आणि रशियन पाठात तिथे पुन्हा विहित वर्तमान आहे.

सुरक्षा परिषदेच्या ठरावांत ‘शॅल’ असले म्हणजे पुरेसे आहे काय?

ठरावात पाहायचे ते आधीचे क्रियापद. परिषद ‘निर्णय घेते’ की ‘आवाहन करते’ यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि सनदेचा पंचविसावा अनुच्छेद सदस्यांना निर्णय पाळायला बांधतो. इराणच्या क्षेपणास्त्रांबाबतचे दोन ठराव शेजारी ठेवून पाहावेत. ९ जून २०१० च्या १९२९ क्रमांकाच्या ठरावात परिषदेने निर्णय घेतला की इराण अण्वस्त्रे वाहून नेऊ शकणाऱ्या क्षेपणास्त्रांसंबंधी कोणतीही कृती करणार नाही. तिथे ‘शॅल नॉट’ आहे. २० जुलै २०१५ च्या २२३१ क्रमांकाच्या ठरावाच्या जोडपत्रात अशी कृती न करण्याचे इराणला ‘आवाहन’ केले आहे. मार्च २०१६ मध्ये इराणच्या चाचण्यांवर चर्चा निघाली तेव्हा रशियाचे प्रतिनिधी विताली चुर्किन यांनी आवाहन म्हणजे बंदी नव्हे, असे उत्तर दिले होते. पाश्चात्त्य राष्ट्रांना ते रुचले नाही, पण मसुदा त्यांनीच मान्य केलेला होता.

एका राष्ट्राने दुसऱ्याला पाठवायच्या पत्रात ‘शॅल’ चालेल काय?

नाही. अशा औपचारिक राजनैतिक पत्रात, म्हणजे नोट व्हर्बालमध्ये, दूतावास परराष्ट्र खात्याला आदरपूर्वक अभिवादन करतो आणि कळवण्याचा मान घेतो. विनंती ‘आभारी राहू’ अशा संकेतार्थी वाक्याने करतो. रशियन नमुनाही तसाच आहे.

आधुनिक इंग्रजी कायदे ‘शॅल’ सोडून ‘मस्ट’कडे वळत आहेत, तहांनीही वळावे काय?

ऑस्ट्रेलियातील कायदे-मसुदाकारांनी ‘शॅल’ बऱ्याच प्रमाणात सोडले आहे आणि दक्षिण आफ्रिकेचे १९९६ चे संविधान ‘मस्ट’ वापरते. देशांतर्गत कायद्यापुरते ते योग्यच आहे, कारण सामान्य नागरिकाला ‘शॅल’ कळेनासे झाले आहे. तहाचा वाचक मात्र वेगळा आहे. शेकडो जुने तह ‘शॅल’मध्ये असताना नवा तह ‘मस्ट’मध्ये लिहिला, तर जुन्या तहांतील बंधन दुय्यम होते काय, असा प्रश्न कुणीतरी नक्की उभा करील. माझ्या मते तहांनी जुने क्रियापद ठेवावे आणि रशियन भाषकांनी ते पाठ करावे.

मराठी भाषकाला या बाबतीत काही वेगळी सोय आहे काय?

थोडीशी आहे. महाराष्ट्रातील अधिनियमांचे मराठी पाठ वाचणाऱ्याला ‘-ईल’ प्रत्ययाचा बंधनकारक उपयोग ओळखीचा असतो : अधिनियम तात्काळ अमलात येईल, प्राधिकारी चौकशी करील. तिथे कुणीही भविष्यवाणी झाली असे समजत नाही. रशियन शिकलेल्या मराठी अनुवादकाने रशियन वर्तमानकाळी वाक्य थेट इंग्रजीत नेण्याऐवजी मनातल्या मनात ते अधिनियमाच्या मराठीत म्हणून पाहावे. ‘करील’ निघाले तर ‘शॅल’, ‘करावे’ निघाले तर बहुधा ‘शुड’. बहुधा असे म्हणण्याचे कारण की अधिनियमाच्या पहिल्याच कलमातील ‘असे म्हणावे’ हे विध्यर्थी रूप इंग्रजी ‘मे’साठी येते.

दोन भाषांचे पाठ सारखेच अधिकृत असतील आणि जुळत नसतील, तर कोणता खरा?

१९६९ च्या कराराच्या तेहतिसाव्या कलमानुसार दोन्ही पाठांत शब्दांचा अर्थ एकच आहे असे गृहीत धरले जाते आणि नंतर वर सांगितलेला मेळ घातला जातो. एखादा पाठ वरचढ राहील असे तहातच ठरवले असेल तर प्रश्न मिटतो.

मूळ रशियन मसुदाच संदिग्ध असेल, तर अनुवादकाने ‘शॅल’ घालावे की नाही?

हा निर्णय अनुवादकाने घेऊ नये. रशियन वर्तमानकाळात बंधन अभिप्रेत आहे की वर्णन, हे मसुदा पाठवणाऱ्या शिष्टमंडळाला लेखी विचारावे आणि त्याचे उत्तर फाइलमध्ये ठेवावे. उत्तर येईपर्यंत दोन्ही पर्याय चौकोनी कंसांत शेजारी शेजारी लिहावेत. वाटाघाटींच्या मसुद्यांत, विशेषतः हवामान परिषदांच्या, ‘शॅल’ आणि ‘शुड’ असे कंसांत महिनोन्महिने बसलेले असतात, आणि ते कंस काढण्याचा अधिकार मेजाभोवती बसलेल्या प्रतिनिधींचा असतो. मुदत उद्या सकाळची आहे म्हणून रात्री त्यांपैकी एक पर्याय परस्पर खोडणारा अनुवादक दुसऱ्या दिवशी आपल्या राष्ट्राने न दिलेले वचन दिल्याचे वाचतो, किंवा दिलेले वचन हरवल्याचे.